मोटर आढळली नाही

मी वीज कंपनीच्या प्रयोगशाळेत मीटर तपासते. एकवीस वर्षं झाली. ‘मीटर पळतंय’ अशी तक्रार घेऊन माणसं तावातावाने येतात. मी त्यांचं मीटर बाकावर चढवते, शेजारी कंपनीचं प्रमाण मीटर लावते आणि दोघांमधून दिवसभर सारखीच वीज सोडते. शंभरातली अठ्ठ्याण्णव मीटरं निर्दोष निघतात. उरलेल्या दोनांत मुंग्यांनी घर केलेलं असतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मला कुणी भाबडी समजायला नको.

आमच्या घरी तीन फेजचं कनेक्शन होतं आणि लहानपणी मला त्याचा भारी तोरा होता. गल्लीत बाकी सगळ्यांकडे एकच फेज. म्हणजे खांबावरून एक जिवंत वायर येणार, एक परत जाणार, त्यावर दिवे-पंखे चालणार, खेळ खलास. आमच्याकडे तीन जिवंत वायरी यायच्या, लाल, पिवळी आणि निळी, कारण पुढच्या खोलीत बाबांचा लेथ होता. लाकडाचा ठोकळा लेथवर गरगर फिरवायचा आणि त्याला पटाशी लावून पलंगांचे पाय, जिन्यांचे खांब, खुर्च्यांच्या दांड्या काढायच्या, हा त्यांचा धंदा. त्या खोलीला आम्ही कारखाना म्हणायचो, खोली दहा बाय चौदाची का असेना. शाळेतून आले की मी ढलप्यांच्या ढिगावर बसून अभ्यास करायची. माझ्या वह्यांत सदैव भुसा. बाई वही झटकायच्या आणि विचारायच्या, घरी उंदीर पाळलेत का म्हणून.

तीन फेज लागतातच कशाला, असं मी एकदा विचारलं. नऊ वर्षांची असेन. बाबांनी काही समजावून सांगितलं नाही. स्वतः केलेलं एक फिरतं स्टूल त्यांनी मधोमध ठेवलं, आईला स्वयंपाकघरातून बोलावलं आणि आम्हा तिघांना त्याच्याभोवती उभं केलं. पाळीपाळीने हात मारायचा. त्यांनी मारला, मग आईने, मग मी, पुन्हा त्यांनी. स्टूल भिंगरीसारखं फिरायला लागलं. आईचे हात ओले होते, स्टुलाचं पाणी सगळ्यांच्या तोंडावर उडत होतं आणि ती हसून हसून बेजार झाली होती. तिला तशी हसताना मी नंतर फार वेळा पाहिली नाही. मग बाबा म्हणाले, आता तुम्ही दोघी हात काढा. ते एकटेच स्टूल धरून पुढे ढकलत आणि मागे ओढत राहिले. ते नुसतं जागच्या जागी थरथरलं.

“मोटरचंही असंच,” ते म्हणाले. “तिघं असले की फिरते. एकटा उरला की नुसती घूं घूं करते, तापते आणि आतल्या आत जळते. काढायच्या तर तिन्ही वायरी काढायच्या. एक मागे ठेवायची नाही.”

माझ्या नोकरीची सुरुवात तिथे झाली असं मी मानते.

सहा वर्षांपूर्वी बाबा गेले. वर्षभराने मी लेथ विकला. घेणाऱ्याच्या माणसांनी जमिनीतले चार बोल्ट उपटले आणि मोटर वेगळी, लेथ वेगळा असं सगळं टेम्पोत चढवलं. बोल्टांची भोकं मी सिमेंटने बुजवून घेतली, वायरींच्या टोकांना टेप गुंडाळला आणि त्या भिंतीला बांधून टाकल्या. आई त्या दिवशी मधल्या खोलीतून बाहेर आली नाही. कनेक्शन मात्र तीन फेजचंच राहिलं. असू दे, असं आई म्हणाली आणि कामाच्या रगाड्यात मीही ते असू दिलं.

यंदा कंपनीने जुनी मीटरं काढून स्मार्ट मीटरं बसवायला घेतली. जुनं चकतीचं मीटर म्हणजे तोंड मिटून बसलेला म्हातारा. महिन्याकाठी कुणी विचारायला गेलं तर एक आकडा सांगणार. नवं मीटर दिवसभर बोलत असतं आणि ते सगळं कचेरीत ऐकू येतं. त्यातही एक फेजच्या मीटरकडे बोलायला एकच गोष्ट असते: इतकी वीज गेली. कुठे गेली ते त्याला ठाऊक नसतं. तीन फेजचं मीटर तिन्ही वायरींचा हिशेब वेगवेगळा ठेवतं, कचेरीतल्या पडद्यावर तीन रंगांच्या तीन रेषा काढतं. आमच्या घरी लाल फेजवर स्वयंपाकघर होतं, पिवळीवर मधली खोली, निळीवर कारखान्यातला दिवा. रेषा पाहिल्या की आई कुठल्या खोलीत आहे ते मला दीड तासाच्या अंतरावरून कळायचं. लांब राहणाऱ्या मुली फोन करून ‘जेवलीस का’ विचारतात. मी रेषा बघायची. नियमात बसत नव्हतं, पण बघायची.

आमच्याकडे नवं मीटर बसल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी तिन्ही रेषा एकदम चढल्या. तिन्ही सारख्याच, तीन-तीन अँपिअरने.

घरातली कुठलीही वस्तू एकाच फेजवर चालते. मिक्सर लावला तर लाल चढेल, पंखा लावला तर पिवळी. तिन्ही रेषा एका क्षणी आणि सारख्या चढवणारी वस्तू एकच, तीन फेजची मोटर. आईकडे एक फेजचं मीटर असतं तर मला एकच आकडा वाढलेला दिसला असता, इस्त्री करत असेल म्हणून मी चहा प्यायला गेले असते.

एक वाजता रेषा खाली आल्या. दोनला पुन्हा चढल्या. साडेपाचला उतरल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. नऊ-वीस, एक, दोन, साडेपाच. ही वेळ कुणाची ते मी ओळखलं आणि लगेच स्वतःला झापलं.

मग मी माझं काम केलं. फ्यूजकाकांना पाठवून मीटर बदलून घेतलं. फ्यूजकाका आमचे सगळ्यात जुने फिटर. जराशा कारणावरून उडतात म्हणून सगळे त्यांना फ्यूज म्हणतात, तोंडावर नुसतं काका. काढून आणलेलं मीटर मी तीन दिवस बाकावर तपासलं. निर्दोष. मुंग्याही नव्हत्या. आणि तिकडे नव्या मीटरने नऊ-वीसला तशाच तीन रेषा काढल्या.

शनिवारी मी टाँग टेस्टर घेऊन घरी गेले. हे चिमट्यासारखं यंत्र असतं, वायरीभोवती धरलं की तिच्यातून किती वीज जाते ते दाखवतं. कारखान्याच्या दाराशीच मीटर आहे, त्याच्याखाली स्विचचा बोर्ड. सकाळचे दहा वाजले होते. खोली रिकामी होती. भिंतीवर पटाश्या टांगायचे खिळे, जमिनीत सिमेंटचे चार ठिपके, कोपऱ्यात टेप गुंडाळलेल्या वायरी. मीटरवर लाल, पिवळी, निळी, तिन्हींवर तीन अँपिअर आणि वर थोडं. मीटरमधून निघणाऱ्या वायरींना चिमटा लावला. तीन, तीन, तीन. मग बोर्डापाशी त्याच वायरींना लावला. तिथे फक्त स्वयंपाकघरातल्या फ्रिजपुरती वीज पोचत होती. मीटर आणि बोर्ड यांच्यामध्ये दीड हात वायर आहे. तेवढ्यात एका मोटरची वीज नाहीशी होत होती. मी तीनदा मोजलं. मग कारखान्याचा स्विच पाडला. मीटरवरचा आकडा हलला नाही.

आवाज काहीच नव्हता. ताज्या लाकडाचा वास मात्र होता.

मागे आई झाडू घेऊन उभी होती. मला बाजूला करून ती रिकामी, स्वच्छ जमीन झाडायला लागली. बाबा असताना दर तासाला झाडायची तशी, कोपऱ्यापासून दाराकडे.

“कधीपासून चाललंय हे?” मी विचारलं.

“तू यंत्र विकलंस ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून,” आई म्हणाली. “तुला आत्ता दिसलं होय.”

मी खाली बसले. आईने केर सुपलीत भरला. सुपलीत काही नव्हतं, तरी तिने ती बाहेर नेऊन पालथी केली. मग ती नेहमीच्या आवाजात सांगत गेली. पहिली काही वर्षं लोकांची राहिलेली कामं होती. कुणाच्या जिन्याचे खांब, कुणाच्या चार खुर्च्या. आजारपणात तशीच पडली होती ना. ती सगळी उरकली. मग दोन-तीन आठवडे यंत्र बंद होतं, आणि आता बाबांनी तिचा पलंग करायला घेतला होता.

या पलंगाची गोष्ट आमच्या घरात कायमची होती. बाबांनी अर्ध्या गावाला पलंग करून दिले आणि आई मात्र आयुष्यभर एका अरुंद, लोखंडी खाटेवर झोपली. एकदा त्यांनी तिची उंची दोऱ्याने मोजूनसुद्धा घेतली होती. चार पाय, उशाशी नऊ दांड्या, असं सगळं ठरलेलं. हे एवढं काम हातावेगळं झालं की तुझाच, असं ते तीस वर्षं म्हणत राहिले. आई कधी चिडली नाही. चिडायची ती मी.

त्यानंतर मी कचेरीत दुसरं काम जवळजवळ केलंच नाही. रेषा बघत बसायची. ढलप्यांवर बसून इतकी वर्षं तो लेथ ऐकलेला, त्यामुळे मला त्या वाचता येत होत्या. ठोकळ्याचे कोपरे काढताना मोटरवर ताण येतो, रेषा दातेरी होतात. गोलाई आली की त्या मऊ होतात. शेवटी बाबा काचकागद लावायचे, तेव्हा रेषा जवळजवळ सपाट असतात, मध्येच एक बारीक उसळी, म्हणजे त्यांनी बोट लावून पाहिलं आणि पुन्हा घासलं. हे सगळं मला पडद्यावर दिसत होतं. एकदा साडेचारला त्यांनी एक दांडी अर्धवट टाकून नवीन घेतली. लाकडाला गाठ लागली असणार. मी पडद्यासमोर बसून रडले आणि मला बरं वाटलं, हेही सांगते. सहा वर्षांत त्यांच्या इतकी जवळ मी कधी बसले नव्हते.

चार पाय झाले. मग पहिली दांडी झाली, दुसरी, तिसरी.

आणि आईने घरातल्या वस्तू वाटायला काढल्या. मोठी पातेली शेजारणीला दिली. शिलाई मशीन घेऊन जा म्हणून मला दोनदा फोन केला. कपाटातल्या चांगल्या साड्यांच्या घड्यांवर चिठ्ठ्या लावल्या, कुठली कुणाला ते. साखर सोडली तर तब्येत ठणठणीत होती. चौथी दांडी झाली त्या दिवशी मी तिला विचारलं, पलंग तयार झाला की काय करणार आहेस.

“काय करणार? झोपणार,” ती म्हणाली. “आता तू नको मध्ये पडूस.”

मला जे समजायचं ते समजलं. तिला माझ्याकडे येऊन राहा म्हटलं तर ती येईना. घराची वीज पूर्ण तोडावी तर तिची औषधं फ्रिजमध्ये. सात दांड्या झाल्या त्या गुरुवारी संध्याकाळी मी अर्ज लिहिला. यंत्र नसेल तर तीन फेजचं कनेक्शन एक फेजचं करता येतं, तसा नियमच आहे. एका फेजवर लेथ फिरणार नाही. पलंग पुरा होणार नाही. बाबांच्या आड यायचं माझ्या जिवावर आलं होतं, पण मला आई हवी होती. तपासणीच्या रकान्यात मी लिहिलं, ‘मोटर आढळली नाही’, आणि खाली सही केली.

शुक्रवारी साडेबाराला फ्यूजकाका आणि मी घरी पोचलो. तिन्ही आकडे चढलेले होते. चालत्या यंत्रावर हात टाकायचा नाही, ही बाबांची शिस्त. मी काकांना म्हटलं, एक वाजेपर्यंत थांबू. का म्हणून ते करवादले, पण थांबले. एक वाजता तिन्ही आकडे खाली आले. आठवी दांडी अर्धी झाली असावी. आई आत पानं घेत होती. तिने आमच्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पक्कडीकडे पाहिलं, आणि ती पुन्हा आत गेली.

आम्ही पिवळी आणि निळी खांबावरून सोडवल्या. तीन फेजचं मीटर उतरवलं, एक फेजचं लावलं, घरातल्या सगळ्या खोल्या एका लाल वायरीवर जोडल्या. पाऊण तासाचं काम. छोट्या पडद्यावर एकच आकडा उमटला, शून्य पूर्णांक सहा. फ्रिज. काका हत्यारं आवरायला लागले.

दोन वाजले.

आकडा शून्य पूर्णांक सहावरून एकदम चौदावर गेला.

तो तिथेच राहिला. वर नाही, खाली नाही. दातेरी नाही, मऊ नाही. असा आकडा मी बाकावर हजारदा पाहिला आहे. एका फेजवर अडकलेली मोटर असाच आकडा काढते.

काकांनी मीटरकडे पाहिलं, मग रिकाम्या खोलीकडे, मग माझ्याकडे.

“मोटर नाही असं तूच लिहिलंयस ना?” ते हळूच म्हणाले.

मी मीटरच्या आधीच्या मेन स्विचवर हात ठेवला. तो पाडायला हवा होता. एक मागे ठेवायची नाही, हे मला वयाच्या नवव्या वर्षापासून माहीत होतं. पण मोटर नव्हतीच ना तिथे, मी तपासलं होतं, लिहिलं होतं. आणि स्विच पाडणं म्हणजे त्यांचा हात आपल्या हाताने बाजूला करणं. ते मला जमेना.

वायरी तापल्या. वरचं रबर मऊ झालं.

मग वास आला. मोटरच्या तारांवरचं वार्निश जळतं तेव्हा येतो तो, गोडसर आणि घशात बसणारा. रिकाम्या खोलीतून, सिमेंटच्या चार ठिपक्यांच्या बाजूने.

चार मिनिटं. मी घड्याळ बघत होते.

आकडा शून्य पूर्णांक सहावर आला.

काकांनी हत्यारांची पिशवी उचलली आणि ते गेले. इतक्या वर्षांत ते न उडता गेलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

आई कारखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. तिने वास घेतला. ती ओरडेल, रडेल, मला वाटेल ते बोलेल अशी माझी तयारी होती. मला ते हवंच होतं.

“दोनच दांड्या राहिल्या होत्या,” ती म्हणाली.

मी तिला म्हटलं, आई, मला दुसरा मार्ग सुचला नाही. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग झाडू भिंतीला टेकवला आणि म्हणाली, “जाऊ दे. आता हातावर हात धरून ते एकटे इथे कशाला बसतील?”

मला वाटलं, तिने मनाची समजूत घातली. आम्ही दोघी जेवलो. मी तिला माझ्याकडे चल म्हटलं आणि ती उद्या बघू म्हणाली. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच, बाबांच्या खोलीत, भिंतीला टेकून बसले आणि त्यांच्यासाठी पोटभर रडले. चारच्या सुमारास आई मधल्या खोलीत आडवी झाली.

निघण्यापूर्वी मीटर एकदा तपासून घ्यावं म्हणून मी उठले. नवीन मीटर लावलं की घरातलं सगळं बंद करून आकडा शून्यावर येतो का ते पाहायचं असतं. मी फ्रिज बंद केला, पंखा बंद केला, तिन्ही खोल्यांतली बटणं एकेक करून पाडली. मधल्या खोलीत आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती.

परत येऊन पाहिलं. शून्य पूर्णांक सव्वीस.

मी पुन्हा सगळ्या खोल्या फिरले. कुठे दिवा नव्हता, कुठे काही फिरत नव्हतं. मीटरपाशी आले. शून्य पूर्णांक सव्वीस. घरात काहीतरी चालू होतं, एवढंच ते सांगत होतं. कुठल्या खोलीत, ते सांगायची सोय मीच दुपारी काढून टाकली होती.

तेवढ्यात मधल्या खोलीत लोखंडी खाट करकरली.

“जरा पलीकडे सरका ना,” आई झोपेतल्या आवाजात म्हणाली. “पडेन मी.”